गुपिताचा अभ्यासक्रम होतो तेव्हा

संगणकावरील खेळांचा विषय शिक्षकांमध्ये निघाला की तो बहुधा डोळे, झोप आणि बुडालेला अभ्यास यांपाशी येऊन थांबतो. ही काळजी रास्तच आहे. पण खेळाची रचना कशी आहे, त्यात माणसे काय शिकतात आणि कशासाठी शिकतात, हे पाहायचे मग राहून जाते. म्हणून आपण येथे एका खेळाचे परीक्षण करू, जसे पुस्तकाचे करतात तसे. खेळ २०११ सालीच बंद झाला, तेव्हा त्याची जाहिरात होण्याची भीती नाही.

‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ हा खेळ अमेरिकेतील सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या कंपनीने तयार केला आणि लुकासआर्ट्सने जून २००३ मध्ये बाजारात आणला. मासिक वर्गणी भरून हजारो लोक इंटरनेटवरून एकाच काल्पनिक विश्वात एकाच वेळी वावरत. आरंभी त्यात दहा ग्रह होते. काळ होता १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या लगेच नंतरचा. गूढ शक्ती लाभलेले जेडाय योद्धे तेव्हा जवळजवळ नामशेष झालेले असतात. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

तांब्याचा शोध

या खेळाचा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे त्यातली खनिजे. साधारणपणे अशा खेळांत तांबे म्हणजे तांबे. येथे मात्र तांब्याच्या प्रत्येक साठ्याला वाहकता, वर्धनीयता, कणखरपणा अशा गुणधर्मांचे वेगवेगळे आकडे असत, जास्तीत जास्त १००० पर्यंत. साठा एखाद्या ग्रहावर काही दिवस सापडे आणि नाहीसा होई. पुढचा साठा दुसऱ्याच ठिकाणी आणि दुसऱ्याच गुणांचा. खेळाडूने सर्वेक्षणाचे उपकरण घेऊन निघायचे, नोंद घ्यायची, थोडे चालायचे, पुन्हा नोंद घ्यायची. प्रमाण जिथे सर्वांत जास्त भरेल तिथे खाणयंत्र बसवायचे. कोणत्या वस्तूला कोणता गुणधर्म लागतो याचा अभ्यास वेगळाच. खेळाडूंनी यासाठी तक्ते केले, नोंदी ठेवल्या, एकमेकांना कळवल्या. हे काम कुणी त्यांना गृहपाठ म्हणून दिलेले नव्हते.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे परस्परावलंबन. व्यवसाय तीसहून अधिक होते, पण प्रत्येक पात्राला कौशल्यासाठी २५० गुणांची मर्यादा होती. त्यामुळे सगळेच सगळ्यांना येणे शक्य नव्हते. सैनिकाला जखम झाली की वैद्य शोधावा लागे. लढून मन थकले की गाणाऱ्या किंवा नाचणाऱ्या खेळाडूसमोर जाऊन बसावे लागे. शस्त्रे वापरून झिजत, म्हणून शस्त्रकाराचे दुकान चाले आणि शस्त्रकारामुळे खाणवाल्याचे. एकदाही बंदूक न उचलता या विश्वात मानाने जगता येत होते.

पेटी उघडली

आता जेडायकडे वळू. चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला जेडाय व्हायचे असणार आणि कथेप्रमाणे तर ते विरळाच असायला हवेत. सर्जनशील दिग्दर्शक राफ कोस्टर यांच्या चमूने यावर उपाय काढला तो गुपिताचा. जेडाय होण्याची वाट प्रत्येकासाठी वेगळी आणि अज्ञात ठेवायची. मूळ कल्पनेत या वाटेवर तऱ्हेतऱ्हेची कामे आणि अनुभव होते. वेळेअभावी तिचे सुटसुटीत रूप आले: यदृच्छेने ठरलेल्या काही व्यवसायांत प्रावीण्य मिळवले की दार उघडे.

काही महिने कोणालाच काही उमगेना. मग २००३ च्या अखेरीस ‘होलोक्रॉन’ नावाच्या ज्ञानपेट्या खेळात आल्या. पेटी उघडली की कोणता व्यवसाय पूर्ण करायचा ते ती सांगे. लवकरच पहिला जेडाय झाला, आणि इतरांना आपण काय करायचे ते कळले.

त्यानंतर जे घडले ते शिक्षकांना ओळखीचे वाटेल. शस्त्रकाराने दुकान बंद केले आणि तो नाच शिकू लागला, आवड म्हणून नव्हे, पेटीने सांगितले म्हणून. नर्तिका शिकार करू लागली. तीच कृती पुनःपुन्हा करण्याचे काम संगणकाला सोपवून लोक जेवायला जात. वस्तू प्रत्यक्ष न बनवता नुसता ‘सराव’ केला तरी गुण मिळत, म्हणून ढीगभर सराव झाला. ज्या व्यवसायांसाठी लोक या विश्वात आले होते, तेच व्यवसाय आता ओलांडायच्या पायऱ्या झाले. कोस्टर यांनीही २०१५ साली या निर्णयाचे परखड परीक्षण करून खेळाच्या घसरणीशी त्याचा संबंध जोडला.

सोपे करण्याचा उपाय

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. तो शिकायला सोपा आणि अधिक नेटका होता. याउलट गॅलक्सीजमध्ये चुका पुष्कळ, लढाया रटाळ आणि नवख्याला वाट दाखवणारे कोणी नाही. बदल हवा होता, यात शंका नाही. एप्रिल २००५ मध्ये लढाईचे नियम बदलले. १५ नोव्हेंबर २००५ रोजी तर जवळजवळ सगळा खेळच बदलला. तीसहून अधिक व्यवसायांच्या जागी नऊ आले. प्राणी पाळणाऱ्याचा व्यवसाय संपला. वेगवेगळे कारागीर ‘व्यापारी’ या एका नावाखाली गेले. आणि जेडाय? तो आता पहिल्या दिवसापासून कोणालाही होता येत होते. जुन्या नियमांच्या भरवशावर दोनच आठवड्यांपूर्वी विक्रीला आलेला नवा भाग ज्यांनी घेतला होता, त्यांना पैसे परत देऊ करावे लागले.

खेळाडू मोठ्या संख्येने सोडून गेले. राहिलेल्यांसह खेळ आणखी सहा वर्षे चालला आणि १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला. पुढे स्वयंसेवकांनी स्वतःच्या श्रमाने पुन्हा उभा केला तो २००५ पूर्वीचा, अवघड आणि सदोष खेळ.

ऱ्हासाचे खापर बहुतेक जण २००५ च्या बदलावर फोडतात. आमच्या मते तो शेवटचा घाव होता. पहिला घाव पेटीचा. शोधाची जागा यादीने घेतली, तेव्हाच खेळाडूंना आपल्या कामाचा कंटाळा येऊ लागला होता. चालकांनी कंटाळ्याचे कारण गुंतागुंतीत शोधले आणि गुंतागुंतीबरोबर खनिजांच्या शोधाला आणि परस्परावलंबनाला असलेला अर्थही कापून टाकला.

आपल्या प्रयोगशाळेतही एक पेटी उघडी असते. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९८० च्या जवळ यायला हवे हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते, मग वाचने मागून येतात. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी आपण गुण कशाला देतो ते पाहावे. एकदा तरी दोरीऐवजी वजनदार साखळी देऊन बघा, किंवा गोळ्याऐवजी लांबट पट्टी. उत्तर पुस्तकात सापडणार नाही. पुन्हा मोजण्यावाचून त्याला गत्यंतर उरणार नाही.