सायरनचा आवाज कमी झाला, पण नेमका कुठे?

ॲम्ब्युलन्समधल्या रुग्णापर्यंत सायरनचा आवाज कमी पोहोचावा म्हणून ॲक्टिव्ह नॉइज कंट्रोल वापरणारे पेपर कधी ना कधी तुमच्या वाचनात येतील. कल्पना सोपी आहे: आत स्पीकर लावायचा, त्यातून उलट्या फेजचा आवाज सोडायचा आणि दोन लहरींनी एकमेकींना खोडायचं. पॉल ल्यूगच्या १९३६ च्या पेटंटमध्ये हेच तत्त्व आहे. शेवटी आलेख येतो, ‘इतक्या डेसिबलची घट’. तिथे थांबा आणि विचारा: ही घट मोजली कुठे?

अनेकदा उत्तर मिळतं, एरर मायक्रोफोनपाशी. अल्गोरिदम ज्या बिंदूवरचा आवाज कमी करायला शिकतो, त्याच बिंदूवर त्याची परीक्षा! प्रश्नपत्रिका आधीच हातात असल्यासारखं आहे हे. मार्क चांगलेच पडणार.

आता गणित करून बघा. १००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर. बंद जागेत आवाज सगळ्या बाजूंनी येत असेल, तर १० डेसिबल घट मिळणारा शांत भाग तरंगलांबीच्या साधारण एक दशांश असतो, म्हणजे जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीत रुग्णाचं डोकं याहून जास्त हलतं.

दुसरी गोष्ट, सायरन एका सुरावर थांबत नाही. ‘वेल’मध्ये तो संथपणे चढतो-उतरतो, ‘येल्प’मध्ये भराभर. फिल्टरला सतत त्याच्यामागे धावावं लागतं. सिम्युलेशनमध्ये एकच स्थिर सूर वापरला असेल, तर त्यावरून ‘येल्प’बद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट, तुलना कशाशी? यंत्रणा बंद आणि यंत्रणा चालू, एवढीच तुलना पुरेशी नाही. सायरन छपरावरून पुढच्या बंपरपाशी हलवला, दारांचं रबर नीट बसवलं, तरीही आत आवाज कमी होतो. या स्वस्त उपायांपेक्षा आपली यंत्रणा किती जास्त देते, ते दाखवायला हवं.

म्हणून हे संशोधन फुकट आहे असं नाही. उशीजवळ, कानाच्या बाजूला स्पीकर बसवण्याची दिशा मला योग्य वाटते. पण डोकं हलतं ठेवून, दोन्ही कानांपाशी मोजायला हवं. मॉनिटरचा अलार्म आणि डॉक्टरांचं बोलणं रुग्णाजवळ स्पष्ट ऐकू येतं का, हेही तपासायला हवं.

तुमचं प्रपोजल लिहिताना गाडीची आकृती काढा. मायक्रोफोन कुठे, रुग्णाचा कान कुठे, दोन्हींवर खूण करा. मधलं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. गाईडचा पहिला प्रश्न तोच असायला हवा.