नवऱ्याचा वकील आणि बाईची साक्ष

आपल्या साहित्यात मार खाणारा माणूस पानोपानी आहे. पाटलाचा मार, पोलिसाचा मार, मास्तराचा मार, मुकादमाचा मार. ह्या माराला आपण शब्द दिले आणि ते प्रस्थापितांच्या तोंडावर फेकले. पण मार देणारा आपलाच माणूस शोधायला निघालं, तर पुस्तकामागून पुस्तक चाळावं लागतं. सापडलाच तर कोपऱ्यात सापडतो, दारू प्यालेला. आणि लेखक त्याच्या वतीनं दोन शब्द बोलून त्याला सोडवून नेतो. माझी तक्रार एवढीच आहे. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची गोष्ट आली की आपलं साहित्य साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरतं आणि आरोपीचं वकीलपत्र घेतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. कॉलेज बघितलं नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, त्याच्या जोरावर हे लिहितोय. पंडिती समीक्षा हवी असेल त्यानं पान उलटावं.

सुरुवात आपल्याच भागातल्या पुस्तकापासून करतो. फलटणच्या बेबीताई कांबळे ह्यांचं 'जिणं आमुचं'. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. ह्या बाईनं दुकानात बसून पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचले आणि जवळजवळ वीस वर्षं आपलं लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवलं. गावकुसाबाहेरचं दैन्य त्यात आहे, बाबासाहेबांच्या हाकेनं उठलेला महारवाडा आहे. पण त्यातच पळून जाऊ बघणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा आहे, आणि नाक कापलेल्या बायका आहेत. ही नाकं पाटलानं कापलेली नाहीत. ती आपल्याच घरात, आपल्याच माणसांनी कापली. बेबीताईंनी हे गाळलं नाही, मऊ केलं नाही, आणि त्यासाठी गरिबीची माफीही मागितली नाही. म्हणून हे पुस्तक मी साक्ष मानतो.

तरी ह्या साक्षीत एक जागा रिकामी आहे. सबंध पुस्तक 'आम्ही' म्हणत चालतं, लिहिणारीचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाहीच. माया पंडित ह्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २००८ साली निघालं, त्यासोबत बेबीताईंची मुलाखत आहे. तिथं त्या सांगतात की संशयापायी नवऱ्यानं त्यांनाही मारलं होतं. पुस्तकात का नाही आलं? सगळ्याच बायका ते भोगत होत्या, आणि त्यांना समाजाचं जिणं लिहायचं होतं. त्यांचा हा निर्णय मी मानतो. पण वाचक म्हणून मला पुढचा प्रश्न पडतो. त्या काळी ते पान छापलं असतं तर आपल्या कार्यकर्त्यांनी ते कसं वाचलं असतं? वेदना म्हणून, की बदनामी म्हणून? १९८४ साली मल्लिका अमर शेख ह्यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. आजही कट्ट्यावर त्या पुस्तकाचं नाव काढा, बाईनं काय सोसलं हे विचारायच्या आधी कुणीतरी विचारतो की चळवळीचं किती नुकसान झालं. असा वाचक समोर बसलेला असताना ते पान कोण लिहील? रिकाम्या जागेचा हिशेब आधी ह्या वाचकाकडं मागायला पाहिजे.

आता पुरुषांच्या लिखाणाकडं येतो. वाटेगावच्या अण्णा भाऊंच्या नायिका वाघिणीसारख्या झुंजतात, पण बहुतेक वेळा बाहेरच्या नराधमाशी. आपल्या नव्या कवितेत घरातला मार येतो, पण कारणासकट येतो. काम सुटलं म्हणून मारलं, मालकानं अपमान केला म्हणून मारलं, दारू चढली म्हणून मारलं. मी आठ तास साच्यावर उभा असतो. कानात घरघर, नाकात कापूस, पोटऱ्यांत गोळे. रातपाळी करून आलेल्या माणसाचं डोकं कसं असतं हे मला कुणी शिकवायला नको. पण ह्याच डोक्याचा माणूस जॉबरवर हात टाकत नाही. मॅनेजरच्या केबिनीत त्याची दारू पार उतरलेली असते. थकलेल्या हाताला नीट ठाऊक असतं कुठं पडायचं. शोषणातून राग येतो हे खरं, पण तो कुणाच्या पाठीवर काढायचा हे ज्या पोथीनं शिकवलं, ती महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जळाली. पुढं १९८३ साली बायकोशी क्रूरपणे वागणाऱ्या नवऱ्यासाठी दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं. ते लागू झालं तीही तारीख २५ डिसेंबर. योगायोग असेल. मला तो आवडतो.

मागं आमच्या पाळीतल्या एका पोराला पोलिसांची नोटीस आली. बायकोनं फिर्याद दिली होती. चहाच्या गाड्यावर तिथल्या तिथं निकाल लागला. एक म्हणाला, "केस खोटी हाय. तिच्या भावानं भरवलंय." दुसरा म्हणाला, "हुंडा कुठं मागितला ह्यानं? मग कलम लागंलच कसं?" तिसरा म्हणाला, "आपल्या पोरास्नी आत टाकायला पोलीस टपलेलंच असत्यात." फिर्यादीचा कागद तिघांपैकी कुणीही वाचला नव्हता. ही तिन्ही बोलणी आपल्या कथा-कवितांतही फिरतात. म्हणून एकेक तपासू.

हुंड्याचं बोलणं कायदा न वाचल्यामुळं येतं. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आलंय, आणि क्रूरता म्हंजे काय ते कलम ८६ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. क्रूरतेच्या व्याख्येला दोन पाय आहेत. बाई जिवावर उदार होईल, किंवा तिच्या जिवाला, अंगाला, शरीराच्या वा मनाच्या आरोग्याला गंभीर इजा होईल असं जाणूनबुजून वागणं, हा पहिला. पैशासाठी, मालमत्तेसाठी छळणं, हा दुसरा. पहिल्या पायाला हुंडा लागतच नाही. नुसती मारहाण हा कलम ११५ खाली वेगळा गुन्हा, जुना ३२३. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला, तो आणखी निराळा. त्यात बाई नवऱ्याला तुरुंगात घाला म्हणत नाही. मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला दे, एवढा आदेश ती मॅजिस्ट्रेटकडं मागते. त्यासाठी पोलिसांत फिर्याद द्यावी लागत नाही, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो. तो आदेश नवऱ्यानं मोडला तर मग मात्र गुन्हा होतो.

पोलिसांचं बोलणं अर्धं खरं आहे. आपल्या वस्तीतला पोरगा उचलताना ठाण्याचा हात जरा जास्तच मोकळा असतो. पण त्यावर उपाय आहे. २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फिर्याद आली की लगेच बेड्या, असं चालणार नाही. अटक का पाहिजे त्याची कारणं पोलिसांनी कागदावर मांडायची, नाहीतर हजर राहायची नोटीस द्यायची. आमच्या पोराला आली ती हीच नोटीस. ती पाळायची असते, तिला घाबरून पळायचं नसतं. आता उरलेलं अर्धं बघा. आपल्या वस्तीतली बाई त्याच ठाण्याची पायरी चढते तेव्हा तिला काय ऐकू येतं? "घरचं भांडण घरात मिटवा." तिची जात गेटाबाहेर गळून पडत नाही. जातीचा फटका नवऱ्याला एकट्याला बसतो असं लिहिणारा कवी अर्धीच जात लिहितो.

राहिलं खोट्या केसचं बोलणं. केस खोटी असूही शकते, आणि तसं कोर्टात म्हणायचा आरोपीला पुरा हक्क आहे. त्यानं फिर्यादीची नक्कल काढावी. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन मागावा. तारखा जुळतात का, दवाखान्याचा दाखला काय म्हणतो, हे त्याच्या वकिलानं उलटतपासणीत काढावं. घरच्या सगळ्यांची नावं मोघम गोवली असतील तर त्याविरुद्ध दाद मागावी. नुसत्या मोघम आरोपांवर नातेवाइकांना खटल्यात ओढू नये, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ साली म्हटलंय. गुन्हा शाबीत करायचं ओझं सरकारवर असतं, संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ वाचा. अनुसूचित जातीचा माणूस, कारखान्यातला कामगार आणि कुठलीही बाई ह्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हंजे आमच्या पोरालाही मिळतो आणि त्याच्या बायकोलाही. सातारा आणि सांगली, दोन्हीकडं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

आणि हा आरोपीचा हक्क कुणी मांडला? सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत खुद्द बाबासाहेबांनी. आज ते संविधानाचं कलम २२ आहे. धरलेल्याला कारण सांगा, त्याच्या पसंतीचा वकील करू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात १९०० साली ज्यांचं नाव चढलं, त्याच माणसानं २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं होतं की बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, गुलाम व्हायला नकार द्यावा. ९ एप्रिल १९४८ ला हिंदू कोड बिलावर बोलताना त्यांनी घटस्फोटाची सात कारणं मोजली. सातवं कारण होतं क्रूरता. ते बिल रखडवलं तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. आरोपीचा वकील आणि बाईची सुटका, दोन्ही एकाच लेखणीतून आलेत. आपण एकाचा दगड करून दुसऱ्याच्या डोक्यात घालतो.

आपला बचाव कोर्टात थांबत नाही, तिथं खरी गोम आहे. मोटारसायकली घेऊन तिच्या माहेरी जाणं हा बचाव नव्हे. साक्षीदाराला दम देणं हा वेगळा गुन्हा होतो. समाजमंदिरात बैठक बसते, बाई कोपऱ्यात, बोलणारे सगळे बाप्ये, आणि "नांदायला जाते" ह्या कागदावर तिचा अंगठा. त्या कागदानं ८५ ची केस मिटतही नाही, ती आपसात मिटणाऱ्या गुन्ह्यांत नाही. दोघांची खरोखर संमती असेल तर हायकोर्टात जाऊन रद्द करून घ्यावी लागते. आपल्या मुलखाला कोर्टाबाहेरच्या न्यायाची सवय जुनी आहे. सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा निघाला. त्याआधी ह्याच मातीत प्रतिसरकारची न्यायदान मंडळं बसत होती, इंग्रजाच्या कोर्टावर बहिष्कार घालून. पुढं कासेगावच्या इंदूताई पाटणकरांनी टाकून दिलेल्या बायकांची, परित्यक्तांची, चळवळ उभी केली. साताऱ्यात अॅडव्होकेट वर्षा देशपांडे ह्यांचं दलित महिला विकास मंडळ १९९० पासून काम करतंय. तिथं आणि समाजमंदिरात फरक एवढाच की तिथं बाई आधी बोलते.

बाईचं म्हणणं कागदावर असलं की काय होतं आणि काय होत नाही, हे पुण्याच्या मंजुश्री सारडा खटल्यात दिसतं. १९८२ साली ती विषानं मेली. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टात आली. खालच्या दोन्ही कोर्टांनी नवऱ्याला फाशी सांगितली. १९८४ साली सुप्रीम कोर्टानं परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पुरी नाही म्हणून त्याला सोडलं. ती पत्रं पुरावा म्हणून वाचता येतात का, ह्यावर न्यायमूर्तींतच मतभेद झाले. बायका रस्त्यावर आल्या. संशय राहिला तर कोर्टानं आरोपीला सोडावं, हा नियम मी मान्य करतो. उद्या तो आपल्याच पोराला वाचवणार आहे. पण 'सुटला' ह्याचा अर्थ 'ती पत्रं खोटी होती' असा लावायची परवानगी त्या निकालानं कुणाला दिलेली नाही. कोर्टाला शिक्षा द्यायची असते, म्हणून त्याची पुराव्याची अट कडक. साहित्याला कुणाला तुरुंगात घालायचं नाही, त्याला ऐकायचं आहे. मग ऐकण्याआधीच आपण कोर्टाची अट का लावतो?

म्हणून मित्रांनो, माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली कार्यकर्त्यांकडं. वस्तीत अशी केस झाली की दोघांनी उठावं. एकानं नवऱ्याला विधी सेवेच्या ऑफिसात नेऊन वकील मिळवून द्यावा. दुसऱ्यानं, जमलं तर दुसरीनं, बाईबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडं जावं. दोन्ही कामं एकानंच करू नयेत, आणि फिर्यादीचा कागद वाचल्याशिवाय कुणी तोंड उघडू नये.

दुसरी मागणी लिहिणाऱ्यांकडं. मारणारा नवरा लिहा. त्याचा बेकार दिवस, त्याचा अपमान, त्याची पाळी, सगळं लिहा. पण हात उचलल्याक्षणी त्याच्या वतीनं बोलायला पुढं होऊ नका. त्याच्यासाठी कोर्टात वकील आहे, कायद्यानं दिलेला. तिच्या बाजूनं आपल्या पानावर अजून फार थोडं उमटलंय. ह्या अंकात कवितांची पानं सात असतील तर पुढच्या अंकात त्यातली दोन मोकळी ठेवा, आणि वस्तीतल्या आयाबहिणींना सांगा की ती त्यांची आहेत. व्याकरण मी बघणार नाही. संपादकांनीही बघू नये.

जयभीम.