टाक्यांची भाषा : ॲरन विणकामाच्या अर्थकल्पनेची चिकित्सा

विणकाम आणि वाङ्मय यांचे नाते भारतीय भाषांना अपरिचित नाही. ‘सूत्र’ हा शब्द धाग्यापासून निघून नियमवाक्यापर्यंत पोहोचला. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशी गुंफण्याचा, बांधण्याचा अर्थ असलेला धातू आहे. मराठीत तर मागावरचे कापड, सुयांवरचा स्वेटर, कोळ्याचे जाळे आणि खाटेची नवार या साऱ्यांस ‘विणणे’ हे एकच क्रियापद पुरते, आणि कथानकाचीही वीण घट्ट किंवा सैल असते. परंतु रूपक समर्पक आहे एवढ्यावरून ते शास्त्रीय विधान ठरत नाही. हाताने विणलेल्या पारंपरिक वस्त्रांच्या जतनाचा विचार जेथे जेथे होतो, तेथे ‘टाक्यांची भाषा’ हा शब्दप्रयोग आज सर्रास आढळतो. या भाषेचे स्वरूप कोणते, आणि ती खरोखर भाषा आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्या दृष्टीने आयर्लंडच्या पश्चिमेस गॉलवे उपसागराच्या मुखाशी असलेल्या ॲरन बेटांच्या स्वेटराचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

या स्वेटराविषयीची प्रचलित समजूत थोडक्यात अशी : त्यावरील प्रत्येक नक्षीला ठरलेला अर्थ आहे. पिळाची वेणी म्हणजे कोळ्याचा दोर, शंकरपाळ्याची आकृती म्हणजे बेटावरील लहान लहान शेते, मधपोळ्याची वीण म्हणजे उद्योगी मधमाशी. शिवाय प्रत्येक कुळाची नक्षी स्वतंत्र असून समुद्रात बुडालेल्या कोळ्याचे प्रेत तिच्यावरून ओळखले जात असे; आणि ही परंपरा हजाराहून अधिक वर्षांची आहे. ही समजूत दृढ करण्यात हाइन्झ एडगर कीव्हे या ऑक्सफर्डच्या लोकरविक्रेत्याचा वाटा मोठा आहे. १९३६ साली डब्लिन येथे त्याला असा एक स्वेटर मिळाला; पुढे ‘बुक ऑफ केल्स’ या इ. स. ८०० च्या सुमाराच्या हस्तलिखितातील एका आकृतीच्या वस्त्रात त्याला त्याच नक्षीचे दर्शन घडले, आणि १९६७ च्या आपल्या पुस्तकात त्याने विणकामाचा एक ‘पवित्र इतिहास’च उभा केला.

इतिहासाने या कल्पनेस दुजोरा दिलेला नाही. रिचर्ड रट यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हातविणकामाच्या इतिहासात आणि त्यानंतर ॲलिस स्टारमोर यांनी १९९७ च्या ग्रंथात तिचा सप्रमाण समाचार घेतला आहे. उठावदार नक्षीचा हा स्वेटर विसाव्या शतकाच्या आरंभापलीकडे फारसा जात नाही, असाच त्यांच्या विवेचनाचा निष्कर्ष आहे. एरिक हॉब्जबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये ज्यांना ‘घडविलेल्या परंपरा’ म्हटले, त्यांचेच हे एक उदाहरण होय. परंतु परंपरा अर्वाचीन ठरल्याने तिचे मोल कमी होत नाही. तिला मोल कोणत्या कारणाने द्यावयाचे, हाच खरा वादाचा विषय आहे. आणि त्याचा उलगडा, आश्चर्याची गोष्ट अशी की, एका नाटकातच सापडतो.

कुळचिन्हाच्या कथेचा उगम बहुधा जे. एम. सिंग याच्या ‘रायडर्स टू द सी’ या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या एकांकी नाटकाकडे दाखविला जातो. त्यात मायकेल नावाचा तरुण समुद्रात बुडाला आहे. दूर डोनेगलच्या किनाऱ्यास लागलेल्या प्रेताच्या अंगावरचा सदरा आणि एक पायमोजा त्याच्या दोघी बहिणींकडे आला आहे. सदऱ्याचे कापड जुळते. परंतु त्यावरून निर्णय होत नाही, कारण तसले कापड गॉलवेच्या दुकानांतून हवे तितके मिळते. मग नोरा पायमोज्याचे टाके मोजते. तो तिनेच विणलेला असतो. घातलेले साठ टाके आणि त्यांतून सुटलेले चार तिच्या स्मरणात असतात. गणित जमते आणि आशा संपते.

या प्रसंगाचे नीट वाचन केल्यास तीन गोष्टी स्पष्ट होतात. वस्त्र स्वेटर नाही, पायमोजा आहे. त्यावर कोणतीही नक्षी असल्याचा निर्देश नाही. आणि ओळख पटते ती कुळाची नव्हे. ती पटते विणणारणीला, स्वतःच्या हाताची. येथे न्यायशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. धूर पाहून अग्नीचे ज्ञान होते, तेथे धूर हे अनुमानाचे ‘लिंग’ असते. ‘गाय’ हा शब्द ऐकून गायीचे ज्ञान होते, तेथे शब्द आणि अर्थ यांना जोडणारा ‘संकेत’ असतो. पाश्चात्त्य चिन्हमीमांसेत चार्ल्स पर्स याने निर्देशक आणि सांकेतिक अशा चिन्हांत केलेला भेदही याच्या जवळचा आहे. लिंगाचा आपल्या कारणाशी वास्तविक संबंध असतो. संकेत समाजाने मान्य केला म्हणूनच टिकतो. नोराचे सुटलेले चार टाके हे पहिल्या प्रकारचे चिन्ह आहे. ते काहीही ‘सांगत’ नाहीत. हस्ताक्षराच्या वळणावरून लिहिणारा कळावा, तसे ते करणाऱ्याचा केवळ पत्ता देतात. लोककथेने या लिंगाचे संकेतात रूपांतर केले. एका बहिणीच्या चुकीच्या जागी कुळाचे बोधचिन्ह आले.

मग ॲरनच्या विणीत भाषेसारखे काहीच नाही काय? आहे, परंतु ते अर्थाच्या बाजूस नसून रचनेच्या बाजूस आहे. सुलटा आणि उलटा असे दोनच मूळ टाके. त्यांच्या विरोधावर सारी नक्षी उभी राहते. सुलट टाक्यांची वेणी उलट टाक्यांच्या भूमीवरच उठून दिसते. वेणी घालताना काही टाके वेगळ्या सुईवर थोपवून त्यांचा क्रम बदलावा लागतो. त्यामुळे कापड आत ओढले जाते, म्हणून आरंभी अधिक टाके घालावे लागतात. शेजारच्या दोन नक्षींच्या ओळींची आवर्तने जुळवावी लागतात. कोणती रचना शक्य आणि कोणती अशक्य, हे विणणारी नियमांनी जाणते, आणि मर्यादित नियमांतून नवनवे नमुने घडविते. सारांश, या विणीला व्याकरण आहे, कोश नाही. विक्रीसाठी जो कोश तयार झाला, तो लोकव्युत्पत्तीच्या जातीचा आहे : रूप आधी सिद्ध होते, आणि अर्थ मागाहून त्याला चिकटविला जातो.

हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. जतनाचे सारे धोरण त्यावर अवलंबून आहे. अर्थ जर नक्षीत साठविलेला असेल, तर ती नक्षी यंत्राने उतरविली तरी अर्थात उणेपणा येण्याचे कारण नाही. दोराचा अर्थ यंत्राच्या वेणीतही तितकाच राहील. सोबत अर्थाची छापील चिठ्ठी जोडली की वारसा पूर्ण झाला. म्हणजे हाताच्या गौरवार्थ सांगितलेली कथा अखेर हातालाच अनावश्यक ठरविते. दिवसच्या दिवस खपून विणणाऱ्या बाईच्या श्रमाचा मोबदला तिच्या कौशल्यावरून ठरावयाचा की तिच्या बेटाच्या आख्यायिकेवरून, हा प्रश्न त्यातून उत्पन्न होतो. कारण आख्यायिका कारखान्यालाही विकत घेता येते. उलट, वारसा नियमांच्या ज्ञानात आणि हाताच्या वळणात आहे असे मानले, तर विणणारीला वगळून जतन संभवतच नाही.

कीव्हेच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की, अशा कथांनी या वस्त्राला दूरदूरची गिऱ्हाइके मिळवून दिली आणि मागणी नसती तर कौशल्यही कदाचित टिकले नसते. परंतु संशोधनाने कथेची नोंद कथा म्हणूनच करावयाची असते. संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेला नमुना आणि छापील आकृतिबंध यांचा उपयोग आहे. तथापि नमुना म्हणजे एक सिद्ध वाक्य, त्यावरून वक्त्याचे सारे व्याकरण हाती येत नाही. बोलीभाषेचा अभ्यासक ज्याप्रमाणे शब्दांच्या यादीवर न थांबता वक्ता बोलताना कोठे अडखळतो, स्वतःला कसा दुरुस्त करतो हे टिपतो, त्याप्रमाणेच येथेही विणणारीचे नाव, तिने कोणाकडून विद्या घेतली, टाके मोजण्याची तिची रीत, सुटलेला टाका उचलण्याची युक्ती आणि या क्रियांना ती स्वतः वापरीत असलेले शब्द यांची नोंद झाली पाहिजे. ॲरन बेटांची परंपरागत भाषा आयरिश. स्वेटरासोबत जगभर गेलेल्या अर्थाच्या चिठ्ठ्या मात्र मुख्यतः इंग्रजीत. वस्तूच्या अर्थाचा शोध घेताना तिच्या कर्त्रीची भाषाच बाजूस पडावी, हा या अर्थकल्पनेतील सर्वांत गंभीर दोष होय. जतनाच्या कार्याचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.