मेलेले मासे मोजून भागेल काय?

नाशिककर शिक्षक म्हणून आम्ही प्रदूषण शिकवतो ते बहुधा मेलेल्या माशांच्या चित्रावरून; मग ती गोदावरी असो वा ठाण्याची खाडी. ही कसोटी अपुरी आहे. प्रयोगशाळेतील रूढ मापही तसेच: ९६ तासांत निम्मे मासे मारणारी विषाची मात्रा. उरलेल्या निम्म्यांचे काय?

समुद्रातला मासा जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. जड धातूंनी कल्ले दुखावले, सांडपाण्याने प्राणवायू घटला, की वृक्काच्या पुढच्या भागातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते आणि रक्तातील साखर वाढते. थोडा वेळ हे उपकारकच असते. ताण लांबला तर मात्र वाढ खुंटते, प्रजनन मंदावते, रोगप्रतिकारशक्ती ढासळते.

तरीही कॉर्टिसॉलच्या एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. नुसते जाळ्यात पकडल्यानेही तो काही मिनिटांत चढतो. उलट सततच्या प्रदूषणात कधी ही प्रतिक्रियाच बोथट होते आणि आजारी मासा निरोगी भासतो.

म्हणून ‘किती मेले?’ याबरोबरच ‘उरलेले कसे जगताहेत?’ हा प्रश्नही वर्गात विचारला जावा, असे आम्हांला वाटते.