पत्ता नसलेली मुलं : 'सलाम बॉम्बे' पुन्हा पाहताना



मागच्या व्याख्यानात आपण 'काळजी' या संकल्पनेबद्दल बोललो. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं, "सर, हे फार हवेत चाललंय, जरा जमिनीवर या." मान्य. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, जमिनीवर यायला मला वेळ लागतो. म्हणून आज एक चित्रपट घेतो आणि त्याच्या शेजारी एक कायदा ठेवतो.

चित्रपट आहे मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे', १९८८ सालचा. पटकथा सूनी तारापोरवाला यांची. कान महोत्सवात त्याला 'कॅमेरा द'ऑर' मिळालं, ऑस्करचं नामांकनही मिळालं. रस्त्यावरच्या मुलांची कार्यशाळा घेऊन त्यांच्यातूनच बालकलाकार निवडले होते. हे सगळं आपल्याला माहीत असतं आणि तेवढं माहीत असलं की चित्रपट पाहून झाला असं वाटतं. मलाही तसंच वाटत होतं. गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं, मी पहिल्या खेपेला फक्त हळहळलो होतो, विचार काही केला नव्हता.

कथा थोडक्यात सांगतो. कृष्णा नावाचा मुलगा. भावाच्या गाडीचं नुकसान केलं म्हणून आई त्याला घराबाहेर काढते. पाचशे रुपये कमावून आण, मगच घरी ये. तो सर्कशीत लागतो, सर्कस त्याला मागे टाकून निघून जाते, आणि तो मुंबईला येतो. ग्रँट रोडच्या वस्तीत चहा पोचवतो. तिथे त्याचं नावही जातं, तो 'चायपाव' होतो. डोक्यात एकच हिशेब, पाचशे रुपये.

आता नीट बघा. या मुलाला काय हवंय हे त्याला स्वतःला अगदी स्पष्ट माहीत आहे. रक्कमसुद्धा माहीत आहे. पण अख्ख्या चित्रपटात एकही मोठा माणूस त्याला विचारत नाही की बाबा रे, तुला काय हवंय? पोलीस त्याला पकडतात, सुधारगृहात घालतात. तिथे जेवण असेल, छप्पर असेल, पण तो प्रश्न नाही. म्हणून तो पळून जातो. आपण म्हणतो, मुलं संस्थेतून पळतात कारण त्यांना शिस्त नको असते. चित्रपट दाखवतो की तो पळतो तो त्याच्या कामाकडे. अर्धवट राहिलेल्या हिशेबाकडे.

आणि दुसरी मुलगी, मंजू. तिची आई रेखा वेश्या-वस्तीत राहते. मंजूलाही पोलीस उचलतात, संस्थेत ठेवतात. आई न्यायला जाते तेव्हा तिला सांगितलं जातं की तू सांभाळायला योग्य नाहीस. म्हणजे ज्या मुलीला घर आहे तिचं घर काढून घेतलं जातं. आणि कृष्णा? त्याला ज्या घराची ओढ आहे त्या घरानेच त्याला हाकललेलं आहे. या दोन मुलांना शेजारी शेजारी ठेवणं ही या चित्रपटाची खरी बुद्धिमत्ता आहे. नाना पाटेकरांचा बाबा, रघुवीर यादव यांचा चिलम, या भूमिका गाजल्या, गाजायलाच हव्या होत्या. पण विचार या दोन मुलांच्या जोडीत आहे.

आता कायदा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. रस्त्यावर सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. आणि कलम ४० सांगतं की मुलाला त्याच्या कुटुंबाकडे परत पोचवणं हे बालगृहाचं प्रमुख उद्दिष्ट आहे. वाचायला किती छान! पण कृष्णाला या कलमासमोर उभा करा. 'घर' हा शब्द कायद्याने गृहीत धरलाय, तपासलेला नाही. जिथून मूल निसटलं तिथेच त्याला नेऊन सोडलं तर ते पुन्हा स्टेशनवर दिसणार. मुलाचं मत विचारात घ्यावं असं याच कायद्याचं एक तत्त्वही आहे. तेव्हा दोष अक्षरांचा कमी, वाचणाऱ्यांचा जास्त. परत पाठवलेल्या मुलांची संख्या मोजता येते. मुलाला विचारलं का, हे मोजता येत नाही. आणि कचेरी मोजता येईल तेच करते.

आता चित्रपटावरची माझी तक्रार. शेवट सगळ्यांना आठवत असेल. गणपतीची मिरवणूक, त्या गर्दीत कृष्णा आणि रेखा यांची ताटातूट, आणि मग एकटा बसलेला मुलगा, हातात भोवरा. फार सुंदर आहे. पण सौंदर्य इथे आपल्याला सोडवून टाकतं. दिवे लागतात, आपण डोळे पुसतो, घरी जातो. तो मुलगा कायम तेवढाच राहतो. तो अठरा वर्षांचा होत नाही. प्रेक्षकाला लहान मुलाचं दुःख चालतं; मिसरूड फुटलेल्या, उद्धट बोलणाऱ्या, काम मागणाऱ्या पोराचं चालत नाही. त्याचा चित्रपट कोण काढणार?

न्यायाने बोलायचं तर करणारे तिथे थांबले नाहीत. या चित्रपटातूनच 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. पुढे १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली, १०९८ हा नंबर. माझ्या मते ही त्या चित्रपटावरची सर्वांत चांगली समीक्षा! कारण फोनची रचनाच अशी की आधी मूल बोलतं, मग मोठा माणूस ऐकतो. कृष्णाला जे मिळालं नाही ते नेमकं हेच. २०२३ पासून ही सेवा सरकारी यंत्रणेकडे, ११२ शी जोडून नेली गेली. सरकारने जबाबदारी घ्यावी याला माझा विरोध नाही. पण फोन उचलणारा माणूस ऐकणारा आहे की नोंदवणारा, यावर सगळं अवलंबून आहे.

आणि अठरानंतर? कायद्यात 'अनुरक्षण' आहे. एकवीसपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसापर्यंत. मिशन वात्सल्यमध्ये महिना चार हजार रुपयांची तरतूद आहे. मुंबईत, पुण्यात चार हजारांत खोली सोडा, कॉटसुद्धा धड मिळायची नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं, चांगलं केलं. पण शब्द बघा, 'अनाथ'. कृष्णाची आई जिवंत आहे. म्हणजे तो अनाथ नाही. बेघर आहे, पण बेघराला प्रमाणपत्र नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. निवृत्तीनंतर एका बालगृहात मी अधूनमधून शिकवायला जात असे. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं भली होती. तिथला एक मुलगा अठरा पूर्ण होऊन बाहेर पडला आणि महिन्याभराने माझ्याकडे आला. नोकरी मिळत होती. बँकेत खातं उघडायला, कागदपत्रांवर घालायला पत्ता हवा होता. "सर, तुमचा पत्ता लावू का?" मी म्हटलं, "बघतो." मराठीत 'बघतो' म्हणजे काय हे त्याला चांगलं कळत होतं. चहा पिऊन गेला. परत आला नाही.

चाळीस वर्षं मी वर्गात कांट शिकवला. माणसाला केवळ साधन मानू नका, हे फळ्यावर लिहिलं. आणि त्या दिवशी मी घाबरलो कशाला? उद्या पोलीस आले तर, सोसायटीवाले काय म्हणतील तर! चित्रपटात कृष्णा पत्रलेखकाकडून आईला पत्र लिहून घेतो, पण त्याला नीट पत्ता सांगता येत नाही. तो प्रसंग परवा पाहिला आणि मी चित्रपट थांबवला. थोड्या वेळाने पुढे लावला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बेघर तरुणांसाठीच्या सेवेची परीक्षा पलंगांच्या संख्येवर घेऊ नका. दोन प्रश्न विचारा. तिथे मुलाला 'तुला काय हवंय' असं कुणी विचारलं का? आणि तो बाहेर पडला तेव्हा कागदावर लिहायला त्याच्याकडे पत्ता होता का? दुसरा प्रश्न संस्थेला विचारून भागत नाही, कारण पत्ता असतो तुमच्या-माझ्याकडे. भाड्याने खोली देणारे आपण, हमी देणारे आपण, 'बघतो' म्हणणारेही आपणच.

तो मुलगा हे ऐकत असेल अशी शक्यता कमी आहे. पण ऐकत असलास, तर माझा पत्ता तोच आहे. लाव.