नवाबला मीनाक्षी भेटली, आपल्या बुजुर्गांना कोण?

मुलांमधील सर्जनशीलता कशी जोपासावी, हे आम्ही बी.एड.ला शिकलो. साठी उलटलेल्या माणसाच्या सर्जनशीलतेचे काय, हा प्रश्न तिथे कुणी काढला नाही. त्याचे उत्तर आम्हाला मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘मीनाक्षी : अ टेल ऑफ थ्री सिटीज’ (२००४) या चित्रपटात दिसते.

१९१५ मध्ये पंढरपुरात जन्मलेले, उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून गुजराण करणारे हुसेन हा चित्रपट आला तेव्हा ८८ वर्षांचे होते. मुलगा ओवेस लेखनात सोबत होता. कथानायक नवाब हा हैदराबादचा नामवंत कादंबरीकार, पण त्याची लेखणी कित्येक वर्षे अडली आहे. त्याला मीनाक्षी भेटते. ती नुसती प्रेरणा होऊन समोर बसत नाही. त्याची कथा तिला पटत नाही, ती सरळ थट्टा करते. त्याला नव्याने लिहावे लागते. कथा जैसलमेरला जाते, पुढे प्रागला पोहोचते.

चित्रपटात उणिवा आहेत. हैदराबादेत भांडणारी मीनाक्षी पुढे रंगांच्या झगमगाटात हरवते, कथेचा धागा सुटतो. तरी मूळ म्हणणे खरे आहे: थकलेल्या लेखकाला आरामापेक्षा आणि कौतुकापेक्षा हुज्जत घालणारा वाचक हवा असतो.

दुर्दैवाने या म्हणण्याची चर्चा मागे पडली. एका कव्वालीत कुरआनातील शब्द आल्याबद्दल काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेन यांनी चित्रपट थिएटरांतून काढून घेतला. पवित्र शब्दांविषयीची भावना आम्हीही जाणतो. पण त्या वादात एका वृद्ध कलावंताची कलाकृती पाहायची, तपासायची राहून गेली.

आमच्या मनमाडात रेल्वेतून निवृत्त झालेल्या बुजुर्गांची कमी नाही. कुणाच्या वहीत गझला आहेत, कुणाकडे अर्ध्या आयुष्याचे किस्से. त्यांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. मुशायऱ्यात ‘वाह वाह’ आणि घरी ‘चचा, अब अल्ला अल्ला करो.’ इबादत आणि लेखणी यांत वैर कधीपासून आले? आदराने गप्प बसणे आणि कंटाळून गप्प बसणे, लिहिणाऱ्याला दोन्ही सारखेच.

तेव्हा त्यांची वही मागून घ्यावी, पूर्ण वाचावी आणि जिथे पटत नाही तिथे अदबीने, पण स्पष्ट सांगावे.