निष्कलंक पोलादाचे आकर्षण : संपूर्ण स्टेनलेस पिस्तुलांच्या संग्रहाची सौंदर्यचिकित्सा

प्रस्तावना :
नाणी किंवा टपाल तिकिटे संग्रहात आली की त्यांचे मूळ प्रयोजन संपते. शस्त्राचे तसे होत नाही. काचेच्या कपाटात ठेवलेले पिस्तूलही पिस्तूलच राहते. अमेरिकेत संपूर्ण स्टेनलेस पोलादाची पिस्तुले जमवण्याची व ती कुशल कारागिराकडून आपल्या पसंतीनुसार घडवून घेण्याची प्रथा गेल्या अर्धशतकात रुजली आहे. या प्रथेमागील सौंदर्यदृष्टीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा धातू वापराच्या खुणा टिकू देत नाही आणि त्या रिकाम्या जागी संग्राहक केवळ स्वतःच्या निवडीचा इतिहास लिहितो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

धातूची पार्श्वभूमी :
साध्या पोलादाच्या शस्त्राला गंजापासून वाचवण्यासाठी रासायनिक प्रक्रियेने त्यावर निळसर काळा थर चढवला जातो. कातडी म्यानाचे घर्षण आणि तळहाताचा घाम यांमुळे हा थर हळूहळू झिजतो. स्टेनलेस पोलादात क्रोमियमचे प्रमाण किमान १०.५ टक्के असते. त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने 'मॉडेल ६०' हे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र अडचण होती. त्यात वरची स्लाइड खालच्या फ्रेमवर मागेपुढे सरकते आणि स्टेनलेसचे दोन सारखे पृष्ठभाग एकमेकांवर घासले की ते ओरबाडून एकमेकांना धरून बसतात. दोन्ही भागांचा कठीणपणा वेगवेगळा ठेवून व योग्य वंगण वापरून हा दोष पुढे आटोक्यात आला.

हॅरी सॅनफर्ड यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पासाडेना येथून 'ऑटो मॅग' हे भव्य स्टेनलेस पिस्तूल आणले, परंतु पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. नंतर त्यांच्याच एएमटी या कंपनीने १९७७ मध्ये जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ च्या रचनेवर आधारलेले 'हार्डबॉलर' हे संपूर्ण स्टेनलेस पिस्तूल काढले. व्यापारात अपयशी ठरलेले 'ऑटो मॅग' आज संग्राहकांना हवेसे वाटते, ही गोष्ट लक्षणीय आहे. संग्राहकाचा निकष उपयुक्ततेचा नसून रूपाचा व दुर्मिळतेचा आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

चित्रपटाने दिलेला अर्थ :
या रूपाला लोकप्रिय अर्थ दिला तो चित्रपटाने. क्लिंट ईस्टवूड यांच्या 'सडन इम्पॅक्ट' (१९८३) मध्ये 'ऑटो मॅग' झळकले. जेम्स कॅमेरॉन यांच्या 'द टर्मिनेटर' (१९८४) मध्ये लांब स्लाइडचे, लेझर बसवलेले 'हार्डबॉलर' अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या हाती दिसले. या दुसऱ्या चित्रपटातील योजना विशेष अर्थपूर्ण आहे. मानवी कातडीखाली धातूचा सांगाडा लपवलेल्या यंत्राच्या हातात तेच चकचकीत धातुरूप उघडे होते. ते पिस्तूल म्हणजे त्या पात्राचे अंतरंगच होय. त्याला ना थकवा आहे, ना पश्चात्ताप. संग्राहक मात्र या प्रतिमेतील झळाळी स्वीकारतो आणि तिच्यातील भीती वगळतो.

रूपांतर आणि स्मृती :
रूपांतराच्या कामातील कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. मुठीच्या पुढील भागावर एका इंचात २० किंवा ३० रेषा बसतील अशी बारीक जाळी कानशीने कोरणे, कडा गोलसर करणे, चाप हलका व नेमका करणे, पृष्ठभागाला आरशासारखी चमक किंवा मंद पोत देणे ही कामे कसबाची आहेत. तथापि येथे एक मूलभूत फरक आहे. जुन्या काळ्या पिस्तुलावर नव्याने थर चढवला तर संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मोल घटते, कारण झीज हा त्या वस्तूचा पुरावा असतो. नळीच्या टोकाशी उडालेला रंग पाहून ते कोणी वागवले, कुठे वागवले, हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. स्टेनलेसवरचा ओरखडा मात्र मालक स्वतःच घासून नाहीसा करू शकतो आणि त्याबरोबर तो प्रश्नही पुसला जातो.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव, तारीख व प्रसंग कोरून घेतात. हा धातू स्वतः काही लक्षात ठेवत नाही; त्याला सांगावे लागते. पिस्तुलावरही आद्याक्षरे आणि नक्षी कोरली जाते. फरक असा की भांड्यावरचा मजकूर ते कोणी, कोणाला, कशासाठी दिले हे सांगतो. पिस्तुलावरची अक्षरे केवळ मालकी सांगतात आणि वस्तूच्या प्रयोजनाविषयी मौन बाळगतात.

'स्टेनलेस' या शब्दाचा शब्दशः अर्थ निष्कलंक असा आहे. हाच धातू शस्त्रक्रियेच्या उपकरणांत व स्वयंपाकघरात असतो, म्हणून स्वच्छतेचा संस्कार त्याला आधीच चिकटलेला आहे. पिस्तुलाने तो संस्कार उसना घेतला की रासायनिक गुणधर्म नकळत नैतिक गुणधर्म भासू लागतो. या प्रथेवरील मुख्य आक्षेप येथेच आहे.

समारोप :
संपूर्ण स्टेनलेस पिस्तुलांचा संग्रह हा केवळ छंद नसून आधुनिक वस्तुसंस्कृतीचा एक बोलका नमुना आहे. त्यातील कारागिरी आदरास पात्र आहे. परंतु शस्त्राच्या समीक्षेत सुबकतेबरोबर प्रयोजनाचाही विचार झाला पाहिजे. गंजणारे शस्त्र तो विचार पाहणाऱ्यावर लादते. न गंजणाऱ्या शस्त्राच्या बाबतीत ते काम समीक्षकाला करावे लागते.